खंडेनवमीला बाहेर राहिलेला जनरेटर

भाडं बुडवणाऱ्या माणसाला आम्ही ओळखायला शिकलो होतो. वेळेवर भाडं देणाऱ्याचीही भीती वाटायला हवी, हे आम्हाला माहीत नव्हतं.

बिबवेवाडीत आमचं एका शटरचं दुकान होतं. ड्रिल, फरशी कापायचं मशीन, पाणी उपसायचा पंप, काँक्रीट फोडायचा ब्रेकर असं सगळं आम्ही भाड्याने द्यायचो. ह्यांची कंपनी बंद पडली तेव्हा जे पैसे हातात मिळाले, त्यातून हे उभं केलं आणि उरलं ते सगळं घालून जनरेटर घेतला. लग्नाच्या हॉलमागे उभा असतो तसला, दोन चाकांच्या गाड्यावर बसवलेला, डिझेलचा. तेव्हा जिकडेतिकडे इमारती उठत होत्या आणि वीज कधी जाईल याचा नेम नव्हता. बाकीची मशीनं मिळून जेवढं आणत, त्याहून जास्त तो एकटा आणायचा.

त्या वर्षी काँक्रीटचा मिक्सर उतरवताना ह्यांच्या कमरेत कळ आली. आधी वाटलं उसण भरली. उसण नव्हती, मणक्यातली गादी सरकली होती. डॉक्टरांनी फळीवर पडून राहायला सांगितलं, किती दिवस ते सांगितलं नाही. तेव्हापासून माझ्या मनात एकच साखळी फिरायला लागली. हे उठेपर्यंत जनरेटर चालला पाहिजे. तो गेला तर शटर गेलं, शटर गेलं तर पुणं सुटलं, आणि पुणं सुटलं तर दिरांच्या दारात जाऊन उभं राहायचं. दिरांनी कंपनी बंद पडली तेव्हाच सांगितलं होतं, "या गावाला. गोठ्यामागची खोली रिकामीच आहे." ते मायेने बोलले की टोमणा मारला, हे मला अजून कळलेलं नाही. माझी मुलगी नववीत होती. गोठ्यामागच्या खोलीत गेल्यावर तिची शाळा संपलीच असती.

दुकानामागेच आमची खोली होती आणि मधे पडदा. हे पडद्यामागे पडून दुकान चालवायचे, मी पुढे बसायचे. गिऱ्हाईक मला विचारायचं आणि उत्तर पडद्यातून यायचं. मला परक्या माणसाशी बोलायची सवय नव्हती, म्हणून ते मला बरंच वाटायचं. शेजारी हार्डवेअरचं दुकान असलेले काका होते. एकदा ते पायरीवर उभे राहून म्हणाले, "वहिनी, तुमचा पडदा फार हुशार आहे. आमच्याकडचा नुसताच लोंबतो."

लबाड गिऱ्हाइकं तोवर बरीच पाहिली होती. एकाने ड्रिल नेलं आणि संध्याकाळी आणून आपटलं, "सुरूच झालं नाही, भाडं कसलं मागता?" ड्रिलच्या टोकाला ओला सिमेंटचा भुगा तसाच होता. तेव्हापासून मशीन देताना त्याच्यासमोर चालवून द्यायची रीत आम्ही पाडली. दुसऱ्याने फरशीच्या कटरमधला नवा आर्मेचर, म्हणजे मोटरचा आतला फिरता गाभा, काढून आत जळका बसवून परत केला. मग हे मुलीची नखांना लावायची लाल बाटली घेऊन प्रत्येक स्क्रूवर एक ठिपका द्यायला लागले. ठिपका तुटला की मशीन उघडलं हे कळायचं. आणखी एकाने रेशनकार्डाची झेरॉक्स दिली, चौकशी केली तर कार्डावरचा माणूस वारलेला. प्रत्येक वेळी थोडं गेलं आणि थोडं शहाणपण आलं. पण हे सगळे घाईतले चोर होते. ज्याला घाई नाही असा चोर आम्ही पाहिला नव्हता.

तो आला तेव्हा त्याच्या गळ्यात निळ्या फितीला लावलेलं कार्ड होतं. त्यावर फोटो होता. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात मोबाइल. हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीची इमारत चालू आहे, तिथलं सामान बघायचं काम आपल्याकडे आहे, असं त्याने सांगितलं. मला तो "मॅडम" म्हणाला. मला कुणी तसं कधी म्हटलं नव्हतं. मी मान खाली घालून पडद्याकडे बघितलं.

ह्यांनी उशीवरून मान वाकडी करून त्याला पाहिलं आणि फक्त कार्ड पाहिलं. आयुष्य कंपनीत गेलेलं. तिथे गेटवर पास दाखवल्याशिवाय साहेबालाही आत सोडत नसत. त्यामुळे ज्याच्या गळ्यात पास, त्याची चौकशी आधीच कुणीतरी केलेली असते, अशी ह्यांची पक्की समजूत. आमच्याकडे येणाऱ्या गवंड्याला हे घराचा पत्ता, गावाचा पत्ता, ओळखीचा माणूस, सगळं विचारायचे. ह्याला काही विचारलं नाही. विचारणं अपमानाचं वाटलं. त्याने एक छापील कार्ड दिलं, ते मी काचेखाली ठेवलं.

आधी त्याने पंप नेला आणि धुऊन पुसून परत आणला. मग ब्रेकर आणि पंप दोन्ही नेले आणि ठेवून घेतले. मग जनरेटर. भाडं दर आठवड्याला, आगाऊ, न मागता. हे फळीवरून खूश होऊन म्हणायचे, "बघ, शिकलेली माणसं."

काकांना एकदा हे सांगितलं. ते खिळे तोलत होते. वर न बघता म्हणाले, "भाडं न मागता देणारा माणूस पुण्यात आहे? त्याला एकदा बघून तरी येतो मी."

आम्ही हसलो.

आता खंडेनवमीचं सांगायला हवं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारांची पूजा असते. आमच्या धंद्यात त्या दिवशी सगळी मशीनं घरी बोलावतात. जे येऊ शकत नाही, त्याच्याकडे मालक स्वतः नारळ, हार आणि मजुरांसाठी पेढे घेऊन साइटवर जातो. ठेकेदार याची वाटच बघत असतात, कारण पूजा झाल्याशिवाय पुढे मजूर मशीनला हात लावायला कुरकुर करतात. हे दरवर्षी सायकलवर झेंडूची पिशवी अडकवून फिरायचे.

नवमीच्या थोडं आधी तो भाडं द्यायला आला. पडद्यातून हे म्हणाले, "साहेब, नवमीला जनरेटरची पूजा आहे. आणून देता, की आमच्यातलं कुणी येऊ?"

"अहो, एवढ्या लांब कशाला येता? आमची कंपनी म्हणजे नुसती काच आहे. तिथे उदबत्तीचा धूर झाला तरी मेमो येतो."

"पण मशीनला हार तरी घालायला हवा."

"हार मी घालतो ना. फोटो काढून आणतो तुमच्यासाठी. तुम्ही पाठीची काळजी घ्या. मॅडम, त्यांना उठू देऊ नका हं."

तो गेल्यावर हे म्हणाले, "माणूस चांगला आहे."

मी म्हटलं, "अहो, आजवर पूजेला येऊ नका असं कुणी म्हणालं होतं का?"

पडद्यामागून हे म्हणाले, "त्याच्या गळ्यात पास आहे."

पण नवमीच्या सकाळी ह्यांना चैन पडेना. संशय नव्हता. मशीन पूजेशिवाय राहणार, एवढंच खुपत होतं. घरातल्या मशीनांना हार घालून झाले, तरी हे म्हणत राहिले, "ज्याच्यावर आपण जेवतो तोच बाहेर राहिला." शेवटी मीच म्हटलं, मी जाऊन येते. माझ्या तोंडून हे कसं निघालं कोण जाणे. मार्केट यार्डात झेंडूचे ढीग लागले होते, तिथून हार घेतला. नारळ, हळदकुंकू, पेढे पिशवीत टाकले. काचेखालचं ते कार्ड घेतलं. ते इंग्रजीत होतं आणि माझी शाळा चौथीपर्यंतच, म्हणून स्वारगेट, तिथून मनपा आणि पुढे हिंजवडी, प्रत्येक बसमध्ये मी ते कंडक्टरच्या पुढे धरलं. शेवटच्या कंडक्टरने ते उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला, "इथे नाव नुसतं मोठं आहे बाई, पत्ता काहीच नाही."

तरी मी कार्ड मुठीत धरून शेवटपर्यंत गेले.

हिंजवडीत उतरले तर एकीकडे काचेच्या इमारती आणि एकीकडे उसाचं शेत. मोठ्या गेटवर तीन ठिकाणी विचारलं. वॉचमनने कार्ड बघून मान हलवली. शेवटच्या गेटवरचा म्हणाला, "अशी कंपनी इथे नाही. कुणाला भेटायचंय?"

"जनरेटरला," मी म्हटलं.

त्याला मी वेडी वाटले असणार. पण त्याने हात केला. म्हणाला, मागे एक इमारत अर्धी उभी आहे, तिथे एक गाड्यावरचा जनरेटर आहे, बाकी कुठे नाही.

तो आमचाच होता. हिरवा होता, आता निळा रंग फासला होता. आमच्या दुकानाचं नाव त्या रंगाखाली गेलं होतं आणि वरची नंबराची पत्र्याची पट्टी काढून टाकलेली होती. पण गाड्याचं एक चाक जीपचं आणि एक टेम्पोचं, हे कसं लपणार? ती दोन चाकं ह्यांनीच जुन्या बाजारातून आणून बसवली होती, आणि गाडा तेव्हापासून एका बाजूला किंचित कलायचा. निळा रंग लावूनही तो तसाच कललेला उभा होता.

मजुरांचा मुकादम तिथे बिडी ओढत बसला होता. पन्नाशीचा, डोक्याला टॉवेल. मी धीर करून विचारलं, हा जनरेटर कुणाचा.

"भाड्याचा हाय. पासवाल्या सायबाचा."

"तो आमचा आहे. आमच्याकडून त्यांनी नेलाय."

त्याने मला पायापासून वर बघितलं, पिशवीतला हार बघितला. "ताई, त्यो म्हंतो माझा, तुमी म्हंता तुमचा. मी कुनाचं खरं मानू? आमचं काम संपलंय, आज दुपारी त्यो जीप घेऊन न्यायला येनार हाय. तुमच्याकडं कागद हाय का?"

बिल घरी होतं, ह्यांच्या उशाखालच्या पेटीत. घरी जाऊन परत यायला अर्धा दिवस. तोवर गाडा कुठल्या रस्त्याला लागला असता देव जाणे. ब्रेकर आणि पंप इथे नव्हतेच, ते आधीच गेले होते. मी मुकादमाला म्हटलं, "मी फोन करून येते. तोवर तुम्ही इथेच थांबाल ना?"

"मी कुठं चाललोय," तो म्हणाला.

रस्त्यावरच्या टपरीत नाणं टाकायचा फोन होता. काकांच्या दुकानाचा नंबर तेवढा मला पाठ होता. मी काय बोलले ते मलाच नीट आठवत नाही. काका म्हणाले, "वहिनी, रडताय का?"

"नाही."

"मग सावकाश बोला. बिल कुठे आहे?"

सांगितलं.

"स्कूटरवर यायचं म्हणजे दोन तास तरी जातील. तोवर तुम्ही काय करणार तिथे?"

माझ्या हातात पिशवी होती. मी म्हटलं, "पूजा करते."

काका म्हणाले, "करा. अगदी सावकाश करा."

मी परत आले आणि मुकादमाला विचारलं, पूजा तरी करू द्याल का. तो म्हणाला, "पूजेला कोन न्हाई म्हनंल? आमच्या ठेकेदाराला तर नवमी हाय हेच म्हाईत न्हाई." मी बादलीभर पाणी मागितलं आणि जनरेटर पुसायला घेतला. आधी चाकं, मग गाडा, मग पत्रा. एरवी हे काम मी झटक्यात करते. त्या दिवशी फडका पिळायलाही वेळ लावला. दोन मजूर बायका बघत उभ्या होत्या, त्यातली एक पुढे झाली आणि तिने दुसरी बाजू पुसायला घेतली. मग तिने आपलं घमेलं आणून शेजारी ठेवलं. कुणी थापी आणली, कुणी फावडं, टिकाव, ओळंबा. बघता बघता जनरेटरच्या पुढे हत्यारांची रांग लागली. एकेकाला कुंकू लावताना काही टिळे वाकडे आले. कुणी हसलं नाही. मी हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. मुकादमाने टॉवेल काढून हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आता उद्याच हात लावायचा. आज कुनी हत्यार उचलायचं न्हाई."

आमच्या घरीही हेच करतात. पूजलेलं हत्यार त्या दिवशी हलवायचं नाही. ते वाक्य ऐकलं आणि मी पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

जीप आली तेव्हा मी गाड्याच्या दांडीशी बसले होते. तो उतरला. मला बघून क्षणभर थांबला, मग हसला. "मॅडम, तुम्ही? सांगितलं असतं तर गाडी पाठवली असती ना. बरं झालं, मी सर्व्हिसिंगला नेतच होतो. चला, तुम्हालाही सोडतो घरी."

मी दांडी धरून बसूनच राहिले.

त्याने मुकादमाला खूण केली. "चार माणसं द्या, रस्त्यापर्यंत ढकलायचाय."

जमीन पावसाने भिजलेली, गाडा मातीत रुतलेला. माणसं लागल्याशिवाय तो निघणार नव्हता. मुकादम म्हणाला, "आज न्हाई सायब. पूजा झाली."

"अहो, पूजा झाली म्हणजे काय? मशीन माझं आहे."

"असंल की. मग नवमीला नारळ घेऊन तुमी का आला न्हाई? मालक म्हनून ही ताई आली."

मजुरांत कुणीतरी खुदकन हसलं. तो हसला नाही. त्याने ड्रायव्हरला बोलावलं, दोघांनी मिळून दांडी धरली आणि जोर लावला. गाडा त्या टेम्पोच्या चाकावर थोडा हलला आणि परत बसला. मग त्याचा हात हाराकडे गेला. मागे उभी असलेली बाई, जिने पुसायला मदत केली होती, ती नुसतं म्हणाली, "हार काढू नका." तेवढंच. बाकीचे मजूर जागचे उठले. त्याने हात मागे घेतला.

मग तो माझ्याजवळ येऊन उकिडवा बसला. आवाज एकदम मऊ. "मॅडम, मिस्टर घरी एकटेच असतात ना? पाठीचं दुखणं फार वाईट. माणसाला उठताही येत नाही."

मुलगी शाळेतून यायची वेळ झाली होती. घरात फळीवर पडलेला माणूस, पुढे उघडं शटर. मला वाटलं, उठावं आणि ह्याला म्हणावं, घेऊन जा. खरंच वाटलं. पण दांडी हातात होती, ती सोडवेना. मी खाली बघूनच म्हटलं, "ते एकटे नाहीत. शेजार आहे."

तो गुडघे झटकून उठला आणि मुकादमाला म्हणाला, "उद्या सकाळी येतो. तेव्हा नाटकं नकोत." जीप वळली, गेली. माझ्या तळहातावर दांडीचा गंज उमटला होता.

काका आले ते धुळीने माखून. स्कूटर स्टँडला लावतानाच म्हणाले, "हा रस्ता आहे की शेत, ते आधी ठरवा म्हणावं." पण आधी घरी ह्यांच्याजवळ आपल्या मुलाला बसवून आले होते, मुलगीही शाळेतून आली होती. हे त्यांनी पहिल्यांदा सांगितलं आणि मी तोंडाला पदर लावला. त्यांनी बिल काढलं. पट्टी काढली तरी इंजिनवर ठोकलेला नंबर होताच, रंगाखाली. खिळ्याने खरवडून एकेक आकडा वाचला. बिलावरचा तोच नंबर मुकादमाला वाचून दाखवला. त्याने स्वतः बोट फिरवून पाहिला आणि म्हणाला, "बरोबर हाय. तुमचाच."

"मग झालं तर," काका म्हणाले. "मी जीप बघतो, आत्ताच नेऊ."

मुकादमाने मान हलवली. "त्येला न्हाई म्हनलो, तुमाला हो कसं म्हनू? उद्या."

काका चिडले. "अहो, तो सकाळी चार गुंड घेऊन येईल. तुमची पूजा त्यांना अडवणार आहे का?"

"आज माझी मानसं हात लावनार न्हाईत. मी बी न्हाई."

काका माझ्याकडे बघायला लागले. ज्या गोष्टीने मला वाचवलं, तीच आता आडवी आली होती. मी म्हटलं असतं की चालेल, मीच पूजा केली, मीच मोडते, तर कदाचित काकांनी बाहेरची माणसं आणली असती. पण त्या रांगेत मजुरांची थापी-घमेलीही होती. आणि मुकादमाने कागदाशिवाय, ओळखीशिवाय, एका परक्या बाईसाठी एवढा वेळ जीप अडवून धरली होती. मी म्हटलं, "काका, तुम्ही जा. ह्यांना सांगा, मी इथे थांबते."

"इथे? रात्रभर?" काकांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "मी त्यांना काय सांगू, वहिनी?"

"पूजा मी केलीय, असं सांगा."

पत्र्याच्या शेडमध्ये त्या बायकांच्यात ती रात्र गेली. झोप लागली नाही, एवढंच लिहिते. प्रत्येक गाडीचा आवाज मला जीपचा वाटत होता.

उजाडताच मुकादमाने स्वतः जाऊन हत्यारांवरची फुलं काढली, माणसांना हाक मारली, आणि सहा-सात जणांनी गाडा ढकलत रस्त्यावर नेऊन उभा केला. काका ओळखीचा टेम्पो घेऊन पोचले. गाडा मागे अडकवेपर्यंत मी सारखी रस्त्याच्या टोकाकडे बघत होते. तो आला नाही. नंतरही कधी आला नाही. त्याचा मोबाइल बंद झाला. ब्रेकर आणि पंप गेले ते गेलेच. चौकीवर आम्ही गेलो, तिथे विचारलं, "तुम्ही तुमच्या हाताने दिलंत ना?" काका बाहेर येऊन म्हणाले, "हेच ऐकून घ्यायला मी स्कूटर काढली होती का?"

पण जनरेटर घरी आला. दसऱ्याच्या दुपारी तो दुकानासमोर उभा राहिला तेव्हा ह्यांनी पडदा बाजूला करायला सांगितला आणि फळीवरूनच निळा रंग बघत राहिले. मग म्हणाले, "गळ्यातला पास कुणीही छापू शकतो, नाही का?" त्या दिवसापासून आमच्याकडे एक नवी रीत आली. मशीन कुठे लावणार ती जागा आम्ही डोळ्यांनी बघितल्याशिवाय मशीन द्यायचं नाही. हे उठेपर्यंत बघायला मीच जायचे. कोंढव्यापासून खडकवासल्यापर्यंत कुठेकुठे गेले. काही गिऱ्हाइकं रागावून दुसरीकडे गेली. जो जास्त रागावायचा, त्याला मी आणखी एकदा विचारायचे.

दिवाळीनंतर तो मुकादम आमच्या दुकानात आला. बिबवेवाडीतच काम लागलं होतं, पाया खणताना पाणी लागलं, पंप हवा होता. गेलेल्या पंपाच्या जागी आम्ही तोवर एक जुना पंप घेतला होता. मला इतका आनंद झाला की मी आधी चहा टाकला. चहा झाला. मग माझ्या लक्षात आलं की आता विचारायचं आहे.

मी म्हटलं, "मुकादम, काही कागद आहे का तुमच्याजवळ? रेशनकार्ड?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "माझ्याकडं?"

"हो."

"कार्ड गावाला हाय, ताई. आमच्याकडं कसला कागद?"

पडद्यामागून हे म्हणाले, "अगं, त्यांना दे. त्यांना काय विचारायचं?"

मला फार वाईट वाटलं. त्याने मला कागद मागितला होता आणि माझ्याकडे नव्हता, तरी तो थांबला होता. पण मागच्या वेळी आम्ही ज्याला काही विचारलं नव्हतं, तोही चांगलाच वाटत होता. मी पायात चपला घातल्या आणि म्हटलं, "जागा लांब आहे का? मी येते बघायला."

वाटेत मी त्याच्या दोन पावलं मागून चालत होते. खड्ड्यापाशी पोचलो. खरंच गुडघाभर पाणी होतं, आणि त्या दिवशीच्या दोन बायका काठावर बसलेल्या. मला बघून त्या हसल्या. मुकादमाने खड्ड्याकडे हात केला.

"बघितलं का? का आत उतरून बघता?"

"बघितलं," मी म्हटलं. "चला, पंप देते. आधी तुमच्यासमोर चालवून दाखवते."